पियानो, गिटार आणि जाझमधील उपज

वाद्यांची थोरवी ठरवितांना आपण बहुधा एक सोपें माप वापरतों : ज्याच्यापाशीं साधनें अधिक तें वाद्य श्रेष्ठ. या मापानें जाझ संगीतांत पियानोचें आसन अढळ ठरतें. त्याला ८८ पट्ट्या आणि वाजविणाराचीं दहा बोटें. गिटारीला बहुधा सहा तारा आणि त्या दाबावयास डाव्या हाताचीं चार बोटें. परंतु हें माप कलेला कितपत लागू पडतें याचा विचार अवश्य आहे. यवतमाळ, वणी, पुसदसारख्या गांवींहि मुलाच्या हातीं कीबोर्ड द्यावा कीं गिटार, असा प्रश्न आज सुशिक्षित घरांतून निघतो, आणि उत्तर देतांना हेंच माप पुढें येतें.

प्रथम जाझमधील उपजेचें स्वरूप ध्यानांत घेतलें पाहिजे. आपला गवई तंबोऱ्याच्या अचल षड्जावर उभा राहून रागाचा विस्तार करतो. जाझवादकाच्या पायांखालची भूमि मात्र सरकत असते. दोन-चार मात्रांनीं स्वरगुच्छ बदलतो, आणि आतां गोड लागलेला स्वर पुढच्या क्षणीं परका होतो. या फिरत्या भूमीवर तोल न जाऊं देतां नवी स्वररचना करीत जाणें, ही तेथील उपज.

या भूमीचा नकाशा पियानो जितका स्पष्ट दाखवितो तितका दुसरें वाद्य क्वचितच दाखवील. सर्व स्वर डोळ्यांसमोर एका ओळींत मांडलेले असतात. डावा हात खर्ज व गुच्छ धरतो, उजवा त्यावर उपज करतो. गिटारीवर तोच स्वर अनेक ठिकाणीं सांपडतो, आणि अगदीं जवळचे स्वर एकत्र दाबावयाचे म्हणजे बोटांची ओढाताण होते. स्वरसंवादाचें शास्त्र शिकावयाचें तर पियानोच गुरु, हें मान्य केलें पाहिजे.

पण ज्ञान निराळें व अभिव्यक्ति निराळी. सा, ग, प, कोमल नि हा गुच्छ घ्या. त्याची प्रकृति मुख्यतः ग आणि कोमल नि यांनीं ठरते. पंचम गाळला तरी फारसें बिघडत नाहीं, आणि षड्ज साथीचें बास वाद्य सांभाळतें. गिटारवादकाला हा त्याग बोटांच्या अडचणीमुळें करावाच लागतो, आणि त्यांतून तो विवेक शिकतो. काउंट बेसीच्या वाद्यवृंदांत १९३७ सालीं दाखल झालेला फ्रेडी ग्रीन दोन-तीन स्वरांवर, कधीं एकाच स्वरावर, सबंध वृंदाची लय तोलून धरी. मौज अशी कीं, स्वतः बेसीचा पियानोहि मोजक्याच स्वरांचा. दहाहि बोटें मोकळीं असतां त्यानें हा संयम पत्करला.

गिटारीचा दुसरा गुण आपल्या कानांस अधिक ओळखीचा आहे. जाझच्या पोटांत ब्लूज आहे, आणि ब्लूजचा जीव कोमल व शुद्ध गांधारांच्या मध्यें कोठें तरी घुटमळतो. पियानोला ती जागा नाहीं. वादक दोन्ही पट्ट्या जवळजवळ एकत्र दाबून तिचा भास तेवढा करतो. गिटारवादक तार बाजूला ओढून तेथें प्रत्यक्ष पोंचतो. पेटीवर मींड निघत नाहीं हा आक्षेप आपल्याकडेहि जुनाच. १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें पेटीवर बंदी घातली, त्यामागें असलेच आक्षेप होते. ती १९७१ सालीं सैल झाली. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनीं पेटीला जो मान मिळवून दिला तो पाहतां त्या बंदीचें समर्थन करवत नाहीं; पण आक्षेपांतील सत्यांशहि नाकारतां येत नाहीं.

आतां मुंबईकडे पाहूं. १९३० नंतरच्या दशकांत ताजमहाल हॉटेलांत टेडी वेदरफोर्ड हा अमेरिकन पियानोवादक गाजला, आणि गोमंतकीय वादकांनीं हें संगीत आपलेंसें केलें. ट्रंपेटवादक चिक चॉकलेट याच्या द्वारां त्याचा नाद सी. रामचंद्रांच्या 'अलबेला' (१९५१) पर्यंत पोंचला. मुंबईंतच १९३६ सालीं जन्मलेल्या अमान्सियो डिसिल्वा या गिटारवादकानें पुढें इंग्लंडांत जो हॅरियट या सॅक्सोफोनवादकासह 'हम दोनो' (१९६९) ही ध्वनिमुद्रिका केली. तींत पियानो नाहींच. गुच्छांचा भार गिटारीवर असल्यामुळें मोकळी जागा पुष्कळ राहते, आणि त्या जागेंत उपजेला आपल्या आलापासारखा श्वास घेतां येतो.

दोन्ही वाद्यें समोरासमोर ऐकावयाचीं असल्यास बिल एव्हन्स व जिम हॉल यांची 'अंडरकरंट' (१९६२) ऐकावी. दोघांनाहि गुच्छ धरतां येतात, म्हणजे एकमेकांच्या पायांत पाय अडकण्याची भीति. पण एक बोलूं लागला कीं दुसरा हात आवरता घेतो, आणि श्रेष्ठ-कनिष्ठ हा वाद ऐकणाराच्या मनांतून आपोआप मावळतो.

म्हणून आमचें मत असें : स्वरसंवाद समजावयास पियानो, आणि गळ्याच्या वळणाची उपज साधावयास गिटार. पण घरांत कोणतेंहि वाद्य आणलें तरी शिक्षण एकांगी राहूं देऊं नये. पट्ट्यांवर बसणाऱ्या मुलाला कोणता स्वर गाळावा हें शिकवावें, आणि तार छेडणाऱ्याला अधूनमधून पट्ट्यांपाशीं नेऊन, आपल्या बोटांखालीं काय दडलें आहे तें पाहावयास लावावें.