एकाकी धन्वंतरीची कथा

खेड्यांत जाऊन राहिलेल्या डॉक्टरविषयीं जें लिखाण आपल्या वाचनांत येतें, त्याचा सांचा बहुधा ठरलेला असतो. बाहेर पावसाळी रात्र, आंत अडलेली बाळंतीण, दिवा मिणमिणता, आणि मध्यभागीं आपल्या विद्येवर व धैर्यावर विसंबून मृत्यूशीं झुंजणारा एकटा तरुण. कथा असो, चरित्र असो, कीं सत्काराच्या निमित्तानें निघालेला गौरवग्रंथ असो, दिवा कोणीं धरला होता, पाणी कोणीं तापविलें, आणि बाळंतीण अडल्याची बातमी डॉक्टरपर्यंत वेळेवर कोणीं पोंचविली, हे प्रश्न लेखकास सुचत नाहींत आणि वाचकासहि त्यांची उणीव भासत नाहीं. गोवर्धन करंगळीवर उचलला गेला एवढें सर्वांच्या ध्यानांत राहतें. खालीं काठ्या लावून उभ्या राहिलेल्या गोपांची आठवण कोणास होत नाहीं. हा केवळ वाङ्मयीन संकेत असता तर त्याविषयीं तक्रार करण्याचें कारण नव्हतें. परंतु ज्याचें नांव गोष्टींत येत नाहीं, त्याचें नांव पगारपत्रकांतहि सहसा उशिराच येतें. म्हणून या संकेताची तपासणी करणें हें टीकाकाराचेंहि काम ठरतें.

या तपासणीस मिखाईल बुल्गाकोव या रशियन लेखकाच्या डॉक्टरी कथा फार उपयोगी पडतात. बुल्गाकोव स्वतः डॉक्टर होता. १९१६-१७ मध्यें स्मोलेन्स्क प्रांतांतील निकोल्स्कोये या आडगांवच्या रुग्णालयांत त्यानें काम केलें, आणि त्या अनुभवावर रचलेल्या कथा १९२५-२६ मध्यें वैद्यकीय कर्मचाऱ्यांच्या एका नियतकालिकांत प्रसिद्ध झाल्या. नुकतीच पदवी घेतलेला, भीतीनें गळून गेलेला एक तरुण डॉक्टर त्यांत आपली हकीकत सांगतो. प्रत्यक्षांत बुल्गाकोवची पत्नी तातियाना त्या गांवीं त्याच्याबरोबर राहत होती. कथांतील डॉक्टर मात्र अविवाहित आणि एकटा आहे. एकाकीपणाचा रंग गडद करण्यासाठीं लेखकानें आपल्या घरांतलें माणूसच कथेंतून वगळलें, हें आमच्या मुद्द्याच्या दृष्टीनें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

तरीहि बुल्गाकोव सच्चा कलावंत असल्यामुळें जें सत्य त्यानें एका दारानें बाहेर घालविलें, तें दुसऱ्या दारानें आंत आलें आहे. एका कथेंत बाळंतिणीच्या पोटांत मूल आडवें आहे. डॉक्टरनें अशी प्रसूति स्वतः कधींच केलेली नाहीं. सिगारेटी आणण्याचें निमित्त करून तो खोलीवर धांवतो आणि प्रसूतिशास्त्राचा जाडजूड ग्रंथ उघडतो. तेथें त्याला धोक्याच्या सूचनांखेरीज कांहीं दिसत नाहीं. परत येऊन हात धूत असतां आन्ना निकोलायेव्हना ही अनुभवी सुईण, पूर्वींचे डॉक्टर अशा वेळीं काय करीत, हें जातां जातां सांगते. तिच्या त्या तुटक वाक्यांनीं त्याची वाट उजळते. मूल जगतें, आईहि जगते. आणि मागाहून तोच ग्रंथ पुन्हां उघडल्यावर त्यांतील प्रत्येक ओळ त्याला स्पष्ट होते. ग्रंथज्ञानास हातांचें ज्ञान मिळाल्यावांचून ग्रंथहि उलगडत नाहीं, हें या कथेनें न सांगतां सांगितलें आहे. विशेष हें कीं ती सुईण शिकविण्याचा आव आणीत नाहीं, आणि डॉक्टरलाहि शिकण्यांत कमीपणा वाटत नाहीं. सहकार्य म्हणून जें म्हणतात, त्याचें याहून नेमकें चित्र आमच्या पाहण्यांत नाहीं.

दुसऱ्या कथेंत घटसर्पानें गुदमरणाऱ्या एका लहान मुलीच्या श्वासनलिकेंत छेद घेऊन धातूची नळी बसवावयाची आहे. ऐन वेळीं आंकडा धरून उभा असलेला सहायक मूर्च्छित होतो, सुइणी त्याला बाजूस करतात आणि शस्त्रक्रिया पुरी होते. पुढें आसपासच्या गांवांत बोलवा उठते कीं डॉक्टरनें मुलीला पोलादी गळा बसविला! लोककथा कशी बनते हें बुल्गाकोवनें येथें मिस्किलपणें दाखविलें आहे: चार माणसांच्या धडपडीचें फळ एकाच्या जादूच्या खातीं जमा होतें.

पण या कथांची मर्यादाहि सांगितली पाहिजे. निवेदक डॉक्टरच्या मनांतील प्रत्येक शंका आपल्याला कळते. आन्ना निकोलायेव्हनाला या पोरसवदा डॉक्टरविषयीं काय वाटत होतें, हें कळत नाहीं. सहकाऱ्यांना येथें हात आहेत, घरें नाहींत. शिवाय सारें सहकार्य रुग्णालयाच्या कुंपणाशीं संपतें. कुंपणापलीकडचें खेडें म्हणजे केवळ अंधार. त्याच कथामालेंत हिवतापानें आजारी असलेला एक गिरणीवाला येतो. दिसायला शहाणा, बोलायला समंजस. पण वेळेवेळेला घ्यावयाच्या कोयनेलच्या पुड्या तो एकदमच घेऊन टाकतो आणि मरतां मरतां वांचतो. अडाणीपणाच्या या अंधाराशीं लढण्याचा डॉक्टर निश्चय करतो, आणि आपणहि मान डोलावतों. वस्तुतः येथें विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. रोग्याजवळ बसून, त्याच्या बोलींत, एक पुडी आतां आणि दुसरी नंतर, असें समजावणारें कोणी माणूस त्या गांवांत कां नव्हतें? लेखकानें ज्यास अंधार म्हटलें, तो पुष्कळ अंशीं एका रिकाम्या जागेचा परिणाम होता.

ही रिकामी जागा भरण्याची हकीकत आपल्याच महाराष्ट्रांत घडली आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें १९७० मध्यें तेव्हांच्या अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील जामखेड येथें काम सुरू केलें, आणि १९९४ मध्यें त्या कामाचा वृत्तांत ग्रंथरूपानें इंग्रजींत प्रसिद्ध केला. त्यांतील सर्वांत वाचनीय भाग यशाचा नसून आरंभींच्या फसलेल्या बेताचा आहे. शिकलेल्या परिचारिका-सुइणींना खेड्यांत नेमून पाहिलें. पण बाहेरून आलेल्या एकट्या तरुणीला गांवांत राहणें अवघड, आणि गांवच्या बायकांनीं तिचें ऐकणें त्याहून अवघड. तेव्हां गांवानेंच निवडलेल्या स्त्रियांना शिकविण्याचें ठरलें. त्यांतील पुष्कळजणी निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या. कोण गरोदर आहे, कोणाचें मूल हगवणीनें सुकत चाललें आहे, कोणाचा खोकला बरेच दिवस हटत नाहीं, हें त्यांना विचारावें लागत नसे. त्या ते पाहतच असत. साखर-मिठाचें पाणी पाजणें त्यांच्या हातचें होतें; जें हाताबाहेरचें, तें फिरत्या पथकाकडे, आणि तेथून जामखेडच्या रुग्णालयाकडे जाई. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७५ च्या एका ग्रंथांत या कामास स्थान मिळालें. आणि १९७८ च्या आल्मा-आता जाहीरनाम्यांत डॉक्टर, परिचारिका, सुइणी व गांवचे कार्यकर्ते यांचें एक पथक असावें, हें तत्त्व म्हणून मांडलें गेलें.

ग्रंथ म्हणून या वृत्तांतांत एक अडचण आहे. तो दोघां डॉक्टरांनीं लिहिला असल्यामुळें त्यांतील ‘आम्ही’ या सर्वनामाचा अर्थ कधीं दोघे, कधीं सारी संस्था असा बदलत राहतो. मात्र गांवच्या कार्यकर्त्या स्त्रियांच्या आयुष्यकथांना त्यांत मोकळी जागा दिलेली आहे, आणि तेथें ग्रंथाचा सूर पालटतो. बुल्गाकोवच्या सुइणीला जें घर मिळालें नाहीं, तें येथें मिळालें आहे. कलेच्या कसोटीवर हा ग्रंथ त्या कथांच्या जवळपासहि येत नाहीं; न्यायाच्या कसोटीवर तो पुढें आहे.

तोच विचार गडचिरोलींत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या प्रयोगांत अधिक रेखीव झाला. तेथें ३९ गांवांत शिकविलेल्या आरोग्यदूत स्त्रिया बाळंतपणाच्या वेळीं हजर राहत. पण म्हणून गांवच्या दाईला कोणीं घालवून दिलें नाहीं. दाईनें आईकडे पाहावें, आरोग्यदूतीनें बाळाकडे, अशी वांटणी झाली. १९९९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणें, तुलनेसाठीं घेतलेल्या गांवांच्या मानानें तेथील नवजात मृत्यूंचें प्रमाण तिसऱ्या वर्षीं सुमारें ६२ टक्क्यांनीं घटलें. बुल्गाकोवच्या कथेंत गांवच्या जाणत्या बायकांचे अघोरी उपाय थट्टेचा विषय होतात. येथें तशाच एका जाणतीला नवें काम वांटून देऊन पंगतींत बसविलें आहे.

यावर कोणी म्हणेल कीं पथक बनविणें एवढें सोपें असतें तर सरकारनें तें केव्हांच केलें असतें. खरें आहे. भोर समितीनें १९४६ मध्येंच दर चाळीस हजार वस्तीमागें एक प्राथमिक केंद्र सुचवून त्यांत दोन डॉक्टर, चार सार्वजनिक आरोग्य परिचारिका, चार सुइणी, चार शिकविलेल्या दाया अशी यादी दिली होती. परंतु यादी म्हणजे पथक नव्हे. आज गांवांत अंगणवाडी-सेविका बाळाचें वजन करते, परिचारिका लस टोंचते, आणि २००५ पासून आलेली आशा घरोघर फिरून दोघींना माणसें गोळा करून देते. बाळ एकच, खातीं दोन, नोंदवह्या तीन. सेविका महिला व बालविकास खात्याची, इतर दोघी आरोग्य खात्याच्या. प्रत्येकीच्या कामाचा हिशेब निराळा घेतला जातो, आणि तिघींनीं मिळून काय साधलें, या प्रश्नास रकाना नसतो.

शिवाय शब्दांचाहि प्रश्न आहे, आणि तेथें तर टीकाकारास गप्प बसतां येत नाहीं. आशेला सरकारी भाषेंत ‘स्वयंसेविका’ म्हणतात. म्हणून तिला मिळतें तें वेतन नव्हे, मानधन. मान आणि धन हे दोन्ही शब्द एकत्र आले कीं दोन्ही थोडे थोडे कमी मिळतात, हें महाराष्ट्रांतील आशांना २०२१ आणि २०२३ मध्यें संप करून सांगावें लागलें. ‘सेवा’ हा शब्द डॉक्टरविषयीं वापरला कीं त्याची थोरवी वाढते. गांवच्या बाईविषयीं वापरला कीं तिची मागणी अनुचित ठरते. एकाच शब्दाचीं हीं दोन वजनें आपल्याच कथांनीं आणि चरित्रांनीं घडविलीं आहेत.

मग कादंबरीनें नायकच सोडून द्यावा काय? तशी गरज नाहीं. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) बाहेरून आलेला तरुण मास्तरच गोष्ट सांगतो, तरीहि तालीम उभी राहते ती साऱ्या वाडीच्या श्रमानें, आणि वाचकाच्या मनांत कारभारी, आयबू, आनंदा रामोशी मास्तराइतकेच ठसून राहतात. निवेदक एक असूनहि पात्रें अनेक असूं शकतात, हें मराठी गद्यानें एकदां सिद्ध केलें आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राचा व्हरांडा, लसीची पेटी घेऊन पायवाटेनें निघालेली परिचारिका, रात्रीं उठवली जाणारी आशा, तिच्याशीं आधीं भांडून मग तिच्याच सोबतीनें बाळंतिणीजवळ बसणारी दाई, आणि यांच्याकडून शिकत जाणारा नवखा डॉक्टर: एवढी सामग्री समोर असतां मराठी कादंबरीकारानें अजून एकट्या धन्वंतरीच्याच मागें कां लागावें, हें कळत नाहीं. तोंवर वाचकांनीं एवढें करावें. पुढील गौरवग्रंथ हातीं येईल तेव्हां त्यांत डॉक्टरखेरीज किती माणसांचीं नांवें आहेत आणि त्यांतील किती बोलतात, हें आधीं मोजावें, आणि मग प्रशंसेचे शब्द उच्चारावे.