निष्ठेचा दाखला

पंधरा ऑगस्टला शाळेत भाषण करायचे असले की आम्हा शिक्षकांच्या हातात एक यादी असते. टिपू सुलतानांपासून अश्फाकउल्ला खानांपर्यंत. यादी खरी असते, मुले टाळ्याही वाजवतात. तरी ती वाचताना दरवर्षी वाटते, आपण मुलांना इतिहास सांगतो आहोत की कुणापुढे दाखला सादर करतो आहोत?

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातील (१७७५-१७८३) काळ्या सैनिकांवरची दोन पुस्तके वाचताना हाच प्रश्न पुन्हा समोर आला.

पहिले विल्यम कूपर नेल यांचे 'द कलर्ड पेट्रियट्स ऑफ द अमेरिकन रिव्होल्यूशन' (१८५५). नेल स्वतः काळे, बोस्टनचे. शाळेत ते हुशार ठरले, पण गोऱ्या मुलांना मिळणारे फ्रँकलिन पदक त्यांना नाकारले गेले. त्या मेजवानीला ते वाढपी म्हणून गेले! ही जखम त्यांच्या पुस्तकाखाली आहे. १७७० मध्ये बोस्टनला इंग्रजांच्या गोळीने पडलेला क्रिस्पस अटक्स, बंकर हिलवर लढलेला पीटर सेलम अशी माणसे ते राज्यवार गोळा करतात. विस्मृतीतून नावे वाचवण्याचे हे काम मोठेच आहे. पण पुस्तकाचा सूर अर्जदाराचा आहे : आम्ही रक्त सांडले, आता आम्हाला नागरिक माना. अर्ज फेटाळला गेला. १८५७ च्या ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने काळे लोक नागरिक होऊच शकत नाहीत, असा निर्वाळा दिला. ज्याला मानायचेच नाही त्याला पुरावा पुरत नाही.

दुसरे पुस्तक बेंजामिन क्वार्ल्स यांचे 'द नीग्रो इन द अमेरिकन रिव्होल्यूशन' (१९६१). नेल यांची ऊब इथे नाही, पण दृष्टी अधिक मोकळी आहे. नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाचा इंग्रज गव्हर्नर डनमोर याने जाहीर केले की बंडखोरांचे जे गुलाम इंग्रजांकडून लढतील ते मुक्त होतील. वॉशिंग्टन यांच्या सेनेने आधी काळ्यांची भरती नाकारली, मग गरज पडली तशी दारे उघडली. १७७८ मध्ये ऱ्होड आयलंडने गुलामांना मुक्तीच्या बोलीवर पलटणीत घेतले. अमेरिकेच्या बाजूने सुमारे पाच हजार काळे लढले असावेत, असा अंदाज आहे. इंग्रजांकडे गेलेलेही हजारो होते. १७८३ मध्ये न्यूयॉर्कहून सुमारे तीन हजार काळ्या स्त्री-पुरुष-मुलांची नावे वहीत नोंदवून इंग्रजांनी त्यांना जहाजांवर चढवले. त्यांत खुद्द जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या मळ्यातून पळालेला हॅरी वॉशिंग्टनही होता. क्वार्ल्स यांचे म्हणणे असे की या माणसांची निष्ठा राजाशी वा देशाशी नव्हती, मुक्तीच्या तत्त्वाशी होती.

हे मी वर्गात सांगितले तेव्हा एका मुलाने विचारले, "सर, मग यांतले गद्दार कोण?"

नेल यांच्या यादीत या प्रश्नाला जागा नाही. क्वार्ल्स यांच्या पुस्तकात आहे. मी मुलांना जेम्स नावाच्या गुलामाची गोष्ट सांगितली. यॉर्कटाउनच्या लढाईपूर्वी त्याने अमेरिकेसाठी हेरगिरी केली. युद्ध संपले, सैनिक म्हणून लढलेल्या गुलामांसाठी व्हर्जिनियात मुक्तीचा कायदा झाला. हा सैनिक नव्हे, हेर, म्हणून गुलामच राहिला. अर्ज करून, सेनानी लाफायेत यांची शिफारस जोडून, १७८७ मध्ये तो सुटला. मग मीच मुलांना विचारले, "इमान कुणी मोडले?" वर्ग बराच वेळ गप्प होता.

एक सहकारी म्हणाले, "पीटर सेलम आपलाच असणार. नावातच सलाम आहे." मोह मलाही झाला. आफ्रिकेतून पकडून नेलेल्यांत मुसलमान होते, हे खरेच. पण मॅसॅच्युसेट्समध्ये सेलम नावाचे गावही आहे. नुसत्या नावावरून माणूस आपल्या यादीत ओढणे म्हणजे पुन्हा दाखलाच गोळा करणे.

इतिहासाच्या शिक्षकांनी दोन्ही पुस्तके वाचावीत. नेल नावे देतात, क्वार्ल्स त्या नावांना विचारायचे प्रश्न देतात. यंदाही मी आपली यादी वाचेन, कारण ती नावे पाठ्यपुस्तकात पुरेशी नाहीत. मात्र मुलांना हेही सांगेन की तुमचे नागरिकत्व या यादीवर उभे नाही. ज्याच्या घराण्यात कुणीच शहीद झाला नाही, त्याचाही हक्क तेवढाच आहे.