‘कामगार’ या शब्दाची व्याप्ती : दोन व्याख्यांचे परीक्षण

कामगार कायदा गिरणीच्या भोंग्याबरोबर जन्मास आला व भोंगा थांबताच त्याचे प्रयोजनही संपले, असे मत सुशिक्षित वर्गात वारंवार ऐकू येते. प्रस्तुत टिपणात या मताचा परामर्श शब्दार्थाच्या अंगाने घ्यावयाचा आहे. कारण कायद्याचे संरक्षण कोणास मिळावयाचे, याचा निर्णय प्रथम व्याख्येच्या कलमात होत असतो.

बाजारपेठेत ओझी वाहणाऱ्या हमालास निश्चित असा धनी नसे. सकाळी एका पेढीवर, दुपारी दुसरीवर, आणि मध्ये टोळी व मुकादम, अशी त्याची स्थिती होती. मालक-नोकर संबंधाच्या रूढ कसोटीस तो उतरत नव्हता. महाराष्ट्राच्या १९६९ च्या माथाडी अधिनियमाने ही अडचण व्याख्येतच सोडविली. अनुसूचित व्यवसायात अंगमेहनतीचे काम करणारा तो कामगार. मग तो थेट लावलेला असो वा मध्यस्थामार्फत. कोणाच्याही नोकरीत नसून मालकाच्या परवानगीने वा त्याच्याशी झालेल्या करारान्वये काम करणाराही तीत स्पष्टपणे अंतर्भूत केला गेला. या व्याख्येस अनुरूप यंत्रणाही उभी राहिली : मालक व कामगार दोघांचीही मंडळाकडे नोंदणी, आणि मजुरी व तीवरील अधिभार यांचा भरणा मंडळाकडे. धनी अनेक असले तरी भविष्यनिर्वाह निधी एक झाला.

आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मधील ‘गिग कामगारा’ची व्याख्या पाहावी. पारंपरिक मालक-नोकर संबंधाच्या बाहेर राहून काम करणारा व त्यातून कमाई करणारा तो गिग कामगार, असा तिचा आशय आहे. ही व्याख्या निषेधात्मक आहे. ती कामाचे स्वरूप सांगत नाही. मनुष्य कशाच्या बाहेर आहे एवढेच सांगते. ‘पारंपरिक’ या विशेषणाचा अर्थही संहितेने निश्चित केलेला नाही. या वर्गाचा कायद्यात नामनिर्देश झाला व त्याच्यासाठी विमा, आरोग्य, वार्धक्य यांसंबंधीच्या योजनांची तरतूद झाली, हा लाभ मान्य केलाच पाहिजे. तथापि किमान वेतनाचा हक्क ‘कर्मचारी’ या निराळ्या शब्दाशी निगडित आहे, आणि ज्याची ओळखच नोकरीच्या बाहेरचा अशी करून दिली, त्यास त्या शब्दाच्या कक्षेत शिरणे दुर्घट होते.

यावर असा आक्षेप येईल की, घरपोच माल पोहोचविणारा तरुण आपल्या मर्जीने काम स्वीकारतो वा नाकारतो. परंतु हमालही ओझे नाकारू शकत होता. १९६९ च्या कायद्याने तेवढ्यावरून त्यास वगळले नाही. उलट हमालाचे धनी अनेक होते. या तरुणास काम वाटून देणारी, दर ठरविणारी व प्रसंगी त्याचे खाते बंद करणारी कंपनी पुष्कळदा एकच असते. तिने त्यास ‘पार्टनर’ म्हणावे, पण नफ्यात वाटा देऊ नये, हा शब्दप्रयोग अर्थदृष्ट्या पोकळ होय.

कामगार कायदा कालबाह्य झाला, असे यावरून सिद्ध होत नाही. लेखणी ज्याच्या हाती त्याने संबंधास हवे ते नाव द्यावे, यास आळा घालणे हे त्याचे मूळ कार्य आजही शिल्लक आहे. उणीव आहे ती व्याख्येत. आणि ती भरून काढण्याची रीत आपल्याच कायदेपुस्तकात अर्ध्या शतकापूर्वी लिहिली गेली आहे.