वस्तू गेली, मालकी राहिली

न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टने २००८ मध्ये टिनो सेगल यांची ‘किस’ ही कृती विकत घेतली, तेव्हा करारनामा लिहिलाच गेला नाही. नोटरीसमक्ष अटी तोंडी सांगितल्या गेल्या आणि ऐकणाऱ्यांनी त्या लक्षात ठेवल्या. कृती म्हणजे दोन नर्तक. मिठीत, अतिशय संथपणे, ते रोदँ, क्लिम्ट, ब्रांकुसी यांनी घडवलेल्या चुंबनांच्या मुद्रांमधून सरकत राहतात. छायाचित्र काढायचे नाही, भिंतीवर पाटी लावायची नाही. नव्या नर्तकांना कृती शिकवायची तर सेगल यांच्या तालमीत तयार झालेल्या माणसानेच. घराण्यात बंदिश गळ्यातून गळ्यात जाते तशी. आणि नर्तकांना ठरल्यापेक्षा कमी मोबदला द्यायचा नाही. चर्चा होते ती फोटोबंदीची. मला ही शेवटची अट मोलाची वाटते.

कला वस्तुरूप टाकू लागली आहे, हे समीक्षक ल्युसी लिपार्ड आणि जॉन चँडलर यांनी १९६८ मध्येच लिहिले होते. विकण्याजोगे काही उरले नाही की बाजाराची पकड सुटेल, अशी त्या काळची आशा होती. ती फोल ठरल्याचे लिपार्ड यांनीच १९७३ च्या आपल्या पुस्तकात मान्य केले. कल्पनेला प्रमाणपत्र चिकटले. मौरिझिओ कॅटेलान यांचे भिंतीला चिकटवलेले केळे २०२४ च्या लिलावात ६२ लाख डॉलरला गेले. केळे सडते, बदलता येते, खरेदीदाराला मिळतो तो कागद आणि सूचना. वस्तू सोडून मालकी तेवढी राखणारी ही कला मला पोकळ वाटते. सेगलही विकतातच, पण त्यांच्या सौद्यात माणसाचे शरीर आणि श्रम मोजले जातात.

आपल्याकडे वस्तू सुटली ती वेगळ्या दाबाखाली. रुमाना हुसेन चित्रकार होत्या. डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी मशीद पाडली गेली, मुंबई पेटली, त्यांना काही काळ घर सोडावे लागले. त्यानंतर कॅनव्हास त्यांना अपुरा पडू लागला. १९९५ मध्ये मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात त्या पायात घुंगरू बांधून, चिरलेली पपई हाती घेऊन, तोंड उघडे ठेवून मूकपणे चालल्या. मुस्लिम बाई म्हणून जे सोसले ते सांगायला स्वतःचे शरीर हेच त्यांचे माध्यम झाले. १९९९ मध्ये त्या गेल्या. ती कृती आज आपल्याला कळते ती नोंदींमुळे. फोटोबंदी हा दीर्घ स्मृती असलेल्या संस्थेला परवडणारा सोवळेपणा आहे; इथे तो पाळला असता तर हुसेन यांचे ते चालणे पुसले गेले असते.

म्हणूनच गोव्यातून काम करणारे निखिल चोप्रा मला जवळचे वाटतात. तासन्‌तास, कधी दिवसचे दिवस चालणाऱ्या सादरीकरणात ते वेष बदलतात, जेवतात, झोपतात आणि कोळशाने भलीमोठी चित्रे काढतात. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयात ते असे नऊ दिवस वावरले. वस्तू उरते, पण ती त्या काळाची खूण म्हणून. कोची-मुझिरिस बिनालेच्या २०२५-२६ च्या आवृत्तीची आखणी त्यांच्या आणि गोव्यातल्या ‘एचएच आर्ट स्पेसेस’च्या हाती आली, तेव्हा सादरीकरणाला तिथे कडेची जागा उरली नाही.

आता प्रश्न आपल्या संग्रहालयांचा आहे. चित्र जपायला तापमान आणि आर्द्रता सांभाळावी लागते, हे त्यांना ठाऊक आहे. सादरीकरण जपायचे तर त्याची सविस्तर नोंद ठेवावी लागते, ते पुन्हा उभे करणारी माणसे शिकवून तयार करावी लागतात आणि त्यांच्या मानधनाची तरतूद अंदाजपत्रकात दरवर्षी करावी लागते.