भिंतीवरचा नळ

गेल्या हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आमच्या महाविद्यालयातील मुलामुलींनी एका खेड्यातल्या शाळेची भिंत रंगवली. विषय वरून ठरून आलेला : स्वच्छ हात, निरोगी गाव. निळा नळ, पाण्याची जाड धार, खाली गोरेगोबरे हात. चित्र देखणे झाले. भीमनगरातली नववीतली एक मुलगी आमच्यासोबत रंग भरत होती. ती म्हणाली, "सर, हा नळ आमच्याकडं कवा येणार?" मी हसलो. हसायला नको होते. तिच्या वयात मीही घागर घेऊन हापशावर रांगेत उभा असायचो. घरातला पहिला पदवीधर झालो, 'सर' झालो, आणि तिचा प्रश्न मला विनोद वाटला!

तरुणांना हाताशी धरून आरोग्यासाठी केलेली आपल्याकडची बहुतेक कला या भिंतीसारखी आहे. रोगाचे कारण गरिबाची सवय, हे तिचे गृहीतक. पाणी, गटार, मजुरी, जात यांना तिच्यात जागा नसते. सहभाग म्हणजे काय, तर रेषा दुसऱ्याने ओढायची आणि आपल्या पोरांनी रंग भरायचा.

याला अपवाद आहेत. मुंबईत 'स्नेहा' या संस्थेने धारावीत कलावंत आणि रहिवासी यांना एकत्र बसवून 2012 मध्ये 'देखा अनदेखा' हे प्रदर्शन आणि 2015 मध्ये 'धारावी बिनाले' भरवले. पैसा ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टचा, 'बिनाले' हा शब्द कलादालनांतला. तेव्हा शंका घ्यायला जागा आहे, आणि मी ती घेतो. वस्ती पाहायला बाहेरचा प्रेक्षक येतो तेव्हा त्याच्या नजरेत काय असते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण तिथल्या बायकांनी कापडाचे तुकडे जोडून धारावीचा नकाशा केला आणि बाईवर हिंसा कुठे होते, त्या जागा त्यावर दाखवल्या. घरातली मारहाण हा आरोग्याचा प्रश्न आहे, हे त्या नकाशाने मांडले. त्यात कुणाला उपदेश नव्हता. दुखणे कोणते आणि ते कुठे आहे, हे ज्यांना दुखते त्यांनीच ठरवले होते.

आपल्याला हे परके वाटू नये. 1930 नंतरच्या काळात भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशात वस्तीतलीच माणसे उभी राहून वस्तीचेच जगणे मांडत होती. आणि स्वच्छतेच्या उपदेशाला माझा विरोध आहे, असेही कोणी समजू नये. डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना स्वच्छ राहण्यास, नीटनेटके नेसण्यास सांगितलेच होते. पण त्याच महाडला 20 मार्च रोजी चवदार तळ्याचे पाणी आधी ओंजळीत घेतले गेले होते. हा क्रम आमच्या भिंतीने उलटा केला.

शिबिराच्या शेवटच्या दोन दिवसांत त्याच मुलीला पुढे घालून आम्ही दुसरे चित्र केले : भीमनगरातल्या प्रत्येक घरापासून पाण्यापर्यंतची वाट, पावलांच्या आकड्यांसह. चित्र म्हणून ते कच्चे आहे. अंतरांचे प्रमाण चुकले आहे, हापसा देवळापेक्षा मोठा झाला आहे. शाळेने त्याला भिंत दिली नाही. जुन्या चादरीवर काढलेले ते चित्र आता समाजमंदिरात टांगले आहे. ग्रामपंचायतीचे एक सदस्य पाहून गेले. पावले कोणी मोजली, एवढेच त्यांनी विचारले.