मानांकन की अधिकार? : बीडच्या सीताफळाच्या निमित्ताने भौगोलिक निर्देशन कायद्याची चिकित्सा

प्रास्ताविक

बौद्धिक संपदा म्हटली की औषधांची पेटंटे, संगणक प्रणाली अथवा चित्रपटांचे स्वामित्वहक्क हेच विषय प्रथम डोळ्यांसमोर येतात. बालाघाटाच्या डोंगरउतारावर, मुरमाड व उथळ जमिनीत वाढणाऱ्या सीताफळाचा या कायद्यांशी काही संबंध असेल असे सहसा वाटत नाही. तथापि २०१६ मध्ये 'बीड सीताफळ' या नावाची भौगोलिक निर्देशन म्हणून नोंदणी झाली आणि एका कोरडवाहू जिल्ह्यातील हे फळ बौद्धिक संपदेच्या कक्षेत आले. त्याच सुमारास जालन्याची मोसंबी व मराठवाड्याचा केसर आंबा यांचीही नोंदणी झाली. या घटनेचे जिल्ह्यात स्वागत झाले, ते योग्यच होते. परंतु नोंदणीने नेमका कोणता अधिकार निर्माण झाला आणि तो कोणाच्या हाती गेला, हा प्रश्न मात्र फारसा विचारला गेला नाही. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाच्या अनुषंगाने 'वस्तूंचे भौगोलिक निर्देशन (नोंदणी व संरक्षण) अधिनियम, १९९९' या कायद्याची चिकित्सा केली आहे.

संज्ञेचा प्रश्न

मराठी वृत्तपत्रांनी या नोंदणीला 'भौगोलिक मानांकन' असे नाव दिले आणि तेच रूढ झाले. 'मानांकन' या शब्दात सन्मान, प्रत व श्रेष्ठत्व यांचा भाव आहे. एखाद्या फळाला पारितोषिक मिळावे तसे मानांकन 'मिळते', त्याची बातमी होते आणि विषय तेथेच संपतो. कायद्याची मूळ संज्ञा याहून संयत आहे. एखाद्या वस्तूची विशिष्ट गुणवत्ता, लौकिक अथवा अन्य वैशिष्ट्य प्रामुख्याने तिच्या भौगोलिक उगमामुळे असेल, तर तो उगम दर्शविणारे नाव म्हणजे भौगोलिक निर्देशन होय. येथे शासन फळाला प्रशस्तिपत्र देत नाही. नावाचा वापर कोणी करावा व कोणी करू नये याची व्यवस्था लावते. सीताफळ ही मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतील वनस्पती असून पोर्तुगीजांच्या काळात ती भारतात आली, असे सामान्यतः मानले जाते. तरीही बीडच्या दाव्याला त्यामुळे बाधा येत नाही, कारण कायदा झाडाचे कूळ विचारीत नाही. त्या भूमीने फळाला काय दिले, हे विचारतो.

नोंदणीधारक व अधिकृत वापरकर्ता

हा अधिनियम १५ सप्टेंबर २००३ पासून अंमलात आला. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स कराराने घातलेल्या दायित्वांची पूर्तता हे त्यामागील एक प्रमुख कारण होते. उत्पादकांच्या हिताचे प्रतिनिधित्व करणारी संघटना, संस्था अथवा प्राधिकरण यांना कलम ११ नुसार नोंदणीसाठी अर्ज करता येतो. अशा अर्जदाराचे नाव 'नोंदणीधारक' म्हणून नोंदले जाते. परंतु निर्देशन वापरण्याचा अनन्य अधिकार कलम २१ ने दिला आहे तो 'अधिकृत वापरकर्त्याला', म्हणजे कलम १७ नुसार स्वतंत्र अर्ज करून नोंदवहीत आपले नाव लावून घेणाऱ्या उत्पादकाला. याचा अर्थ असा की, धारूर वा पाटोदा तालुक्यातील एखाद्या शेतकऱ्याच्या फळाच्या नावाची नोंदणी झाली, तरी केवळ त्यामुळे तो शेतकरी अधिकारधारक ठरत नाही. त्याला आणखी एक दार ओलांडावे लागते.

हे दार पूर्वी अधिक अरुंद होते. उत्पादकाला नोंदणीधारकाबरोबर संयुक्त अर्ज करावा लागत असे. २०२० मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन ही प्रक्रिया सुलभ करण्यात आली व अर्जाचे शुल्क ५०० रुपयांवरून १० रुपयांवर आणण्यात आले. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. मात्र शुल्क हा अडथळ्याचा एक भाग होता. माहितीचा अभाव, कागदपत्रांची जुळवाजुळव आणि चेन्नई येथील नोंदणी कार्यालयाचे अंतर हे उरलेले भाग दुरुस्तीने नाहीसे झालेले नाहीत.

नोंदणीधारक आणि प्रत्यक्ष निर्माता यांतील अंतराचे परिणाम २०२५ मध्ये कोल्हापुरी चपलांच्या प्रकरणात दिसून आले. प्राडा या इटालियन कंपनीने त्या वर्षीच्या जूनमध्ये मिलान येथे कोल्हापुरी चपलांशी साम्य असलेली पादत्राणे सादर केली. त्याविरुद्ध दाखल झालेली जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये फेटाळली. याचिकाकर्ते हे निर्देशनाचे नोंदणीधारक नाहीत, हा त्यातील महत्त्वाचा मुद्दा होता. या चपलांचे नोंदणीधारक महाराष्ट्र व कर्नाटक या दोन राज्यांची चर्मोद्योग महामंडळे आहेत. कायद्याच्या दृष्टीने निर्णय सुसंगत आहे. परंतु ज्या कारागिराचे नाव नोंदवहीत नाही, त्याच्या कौशल्याचा बचाव तो स्वतः करू शकत नाही, हेही त्यातून स्पष्ट होते. सीताफळाच्या बाबतीत वेगळे घडेल असे मानण्यास आधार नाही.

'उत्पादक' कोण?

कायद्यातील सर्वांत चिंत्य भाग म्हणजे 'उत्पादक' या शब्दाची व्याख्या. शेतमालाच्या बाबतीत तो पिकविणारा, तसेच त्यावर प्रक्रिया करणारा अथवा त्याचे वेष्टन करणारा हे सर्व उत्पादक ठरतात. नैसर्गिक वस्तूंच्या बाबतीत त्यांचा उपयोग करून घेणारा उत्पादक ठरतो. याखेरीज अशा उत्पादनाचा व्यापार करणाऱ्या व्यक्तीचाही व्याख्येत समावेश आहे.

बीडच्या संदर्भात ही व्याख्या दोन प्रश्न उपस्थित करते. येथील सीताफळाचा मोठा भाग डोंगरात, बांधावर व पडीक जमिनीवर आपोआप उगवलेल्या झाडांचा आहे. अशा झाडांचे फळ शेतमाल की नैसर्गिक वस्तू? पाटी डोक्यावर घेऊन डोंगरातून फळे उतरविणाऱ्या भूमिहीन कुटुंबाकडे सातबारा नसतो. ती वस्तू नैसर्गिक मानली तर हे कुटुंब उत्पादक ठरू शकते. केवळ शेतमाल मानली तर त्याचा दावा दुबळा होतो. दुसरा प्रश्न व्यापाऱ्याचा. वेचणारा आणि खरेदीदार हे दोघेही कायद्याच्या लेखी एकाच पंक्तीत बसतात. कागदपत्रे, पत व सल्लागार ज्याच्याकडे आहेत तोच प्रथम अधिकृत वापरकर्ता होणार, हे उघड आहे.

येथे फळाचा स्वभाव व जिल्ह्याचे अर्थकारण यांचाही विचार करावा लागतो. डोळा उघडलेले सीताफळ तोडल्यानंतर दोन-तीन दिवसांत पिकते व लगेच नासू लागते. त्यामुळे विक्रेत्याला थांबण्याची सोय नसते. हंगाम सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या दरम्यान येतो आणि दसरा-दिवाळीच्या सुमारासच ऊसतोड कामगारांच्या टोळ्या जिल्ह्याबाहेर निघतात. जाण्याच्या घाईत असलेला विक्रेता नावाचे मूल्य वसूल करू शकत नाही. शिवाय फळाचा गर काढून तो रबडी किंवा आइस्क्रीमसाठी गेला की बीडचे नाव बहुधा वाटेतच गळून पडते. नावाचे संरक्षण असलेल्या वस्तूतून नावच वगळले जात असेल, तर कायद्याला करण्यासारखे काही उरत नाही.

दोन कायदे, दोन दृष्टी

याच भागाला लागून असलेल्या बार्शी तालुक्यातील गोरमाळे येथे नवनाथ कसपटे यांनी 'एनएमके-०१ (गोल्डन)' हा सीताफळाचा वाण विकसित केला. कमी बिया, अधिक गर व टिकाऊपणा यांमुळे तो लोकप्रिय झाला. त्याचे संरक्षण 'पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१' खाली येते. या कायद्यानुसार वृक्षवर्गीय पिकाच्या वाणाला कमाल १८ वर्षांचे संरक्षण मिळते, तर कलम ३९ शेतकऱ्याला संरक्षित वाणाचेही बियाणे राखण्याचा, देवाणघेवाणीचा व नाममुद्रेविना विकण्याचा हक्क देते.

हे दोन्ही कायदे सीताफळाचे मूल्य दोन ठिकाणी पाहतात. एकाच्या मते ते निवड करणाऱ्या व्यक्तीच्या बुद्धीत व श्रमात आहे. दुसऱ्याच्या मते ते भूमीत व तेथील समूहाच्या परंपरेत आहे. दोन्ही दृष्टी समर्थनीय आहेत. अडचण निर्माण होते ती एकाच बाजारात. सुधारित वाणाची बाग जिल्ह्यात वाढली आणि त्या फळालाही बीडचे नाव लागू लागले, तर ज्या गावरान झाडांच्या लौकिकावर नोंदणी उभी आहे तीच उपेक्षित होतील. बागाईतदाराने नवा वाण लावणे हा त्याचा हक्क आहे. परंतु नोंदणीतील वर्णनाशी फळ जुळते की नाही, हे तपासणारी यंत्रणा त्यासाठी हवी. नियमांत तपासणी यंत्रणेचा तपशील मागितला आहे, पण तो 'असल्यास' या अटीवर. हा एक शब्द संपूर्ण व्यवस्था शिथिल करण्यास पुरेसा आहे.

समारोप

नोंदणी निरर्थक आहे, असा या विवेचनाचा निष्कर्ष नाही. कलम २४ नुसार भौगोलिक निर्देशन विकता, गहाण ठेवता वा हस्तांतरित करता येत नाही. एखादी कंपनी 'बीड सीताफळ' हे नाव विकत घेऊ शकत नाही, ही सामूहिक मालकीच्या दृष्टीने मोलाची तरतूद आहे. तथापि सामूहिक मालकी कागदावर घोषित झाल्याने समूह मालक होत नाही. 'उत्पादक' या व्याख्येत वेचणारा व व्यापारी यांत भेद करणे, तपासणी यंत्रणा अनिवार्य करणे आणि अधिकृत वापरकर्त्यांची नोंदणी गावपातळीवर, हंगामापूर्वी करून घेणे या तीन गोष्टींखेरीज कायद्याचा उद्देश सफल होणार नाही. नोंदणीची मुदत १० वर्षांची असून तिचे नूतनीकरण करावे लागते. त्या प्रत्येक वेळी नोंदवहीत किती वेचणाऱ्यांची नावे आली, हाच 'बीड सीताफळ' या नोंदणीच्या मूल्यमापनाचा निकष असावा. तोवर बीडच्या वाट्याला मान आला आहे. अधिकार अजून डोंगरातून खाली उतरलेला नाही.