माफीच्या आधी

दशलक्षण पर्वाच्या दिवसांत मी रिचर्ड वागमीस यांची ‘इंडियन हॉर्स’ (२०१२) ही इंग्रजी कादंबरी वाचली. क्षमावाणीला घरोघरी जाऊन क्षमा मागायची आणि करायची, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. त्यामुळे शेवटी सॉल कुणाला तरी माफ करील, याची मी वाटच पाहत होते. तसं काही होत नाही. आधी मला ते उणं वाटलं.

सॉल हा कॅनडातला ओजिब्वे मुलगा. त्याला कुशीत घेऊन आजी थंडीनं गोठून मरते आणि त्याची रवानगी मूलनिवासी मुलांच्या निवासी शाळेत होते. अशा शाळांतून दीड लाखावर मुलं गेली. आपली भाषा बोललं की शिक्षा. सॉलला तिथं बर्फावरची हॉकी सापडते. घोड्याच्या गोठलेल्या लीदीचे गोळे मारत तो पहाटे एकटाच सराव करतो. एक पाद्री त्याला मायेनं वागवतो. वाचणाऱ्याला हायसं वाटतं.

ती माया म्हणजे लैंगिक अत्याचार होता, हे फार उशिरा कळतं. वागमीस आपल्याला फसवतात का? मला नाही तसं वाटत. सॉलनं ते स्वतःपासूनच लपवलेलं असतं. दारू सोडवणाऱ्या केंद्रात चारचौघांत बसून बोलणं त्याला जमत नाही, म्हणून तो लिहायला घेतो, आणि लिहिता लिहिता ते वर येतं. पुढं तो फ्रेड आणि मार्था केली यांच्याकडं परततो. तीही त्याच शाळेतली. दोघं उपदेश करत नाहीत, आपलंही सांगतात. बरं होणं इथून सुरू होतं.

एक गोष्ट मात्र खटकली. सॉलची आईही त्या शाळेनं मोडलेली. मोठा मुलगा क्षयानं गेल्यावर ती त्याचं प्रेत घेऊन नवऱ्याबरोबर निघून जाते आणि कथेतूनही जाते. तिचं कुणी ऐकलं? मुलाच्या वाट्याला आलेली वही तिच्या वाट्याला येत नाही.

२००८ साली कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. त्याच वर्षी नेमलेल्या आयोगानं पुढं हजारो जणांचं म्हणणं ऐकून घेतलं. त्या आयोगाच्या नावात ‘सत्य’ आधी आहे, ‘समेट’ नंतर. क्षमावाणीला आपण सरसकट क्षमा मागतो. काय केलं, ते कुठं सांगतो? पुस्तक मिटताना मला उणं वाटलं ते आपलंच.